कोकणात हीटर कशाला?

गेल्या जुलैत आईला घेऊन कोल्हापूरला निघालो होतो, डोळ्यांच्या तपासणीला. देवगड-निपाणी रस्ता, म्हणजे नांदगाव, फोंडा आणि मग घाट चढून दाजीपूर, राधानगरी. लहानपणापासूनचा रस्ता आहे, वळणन् वळण पाठ. पाऊस कोसळत होता, जुलैत फोंडा घाटात दुसरं काय होणार. पण अर्धा घाट चढलो असेन नसेन आणि समोरची काच आतून पांढरी व्हायला लागली. फडकं मारलं तर साफ व्हायच्या ऐवजी ती आणखीच फासली गेली, तेलाचा हात लागल्यासारखी. आणि केबिनमध्ये गोडसर वास, गुऱ्हाळावर काकवी उकळताना येतो त्याच्या जवळचा, पण जरा औषधी. आई म्हणाली, "काच पूस रे झिला, माका फुडचा कायच दिसणा नाय." मलापण दिसत नव्हतं. समोरून एसटी आली ती फक्त पिवळ्या उजेडाचा गोळा म्हणून दिसली, इतकंच. कशीबशी कडेला घेतली, खिडक्या उघडल्या, दोघंही भिजलो, आणि अर्ध्या तासाने हळूहळू गाडी खाली उतरवली. तपासणी राहिली.

गाडी म्हणजे आमची 2010 ची डबल केबिन पिकअप. आंब्याच्या सीझनला पेट्या, बाकी वर्षभर खत, चिरे, गवत, आणि घरातली सगळी माणसं. एसी आहे, आणि मे महिन्यात दुपारी तो लागतोच. उबेसाठी किंवा काचेसाठी मात्र हीटरकडे पंधरा वर्षांत कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, मीसुद्धा.

फोंड्याच्या बाजारात एका गॅरेजला गाडी लावली. मेस्त्रींनी डावीकडचं पायदान उचललं, खालचं कारपेट चिंब होतं. आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे कारण यात भरपूर लोक फसतात. डाव्या बाजूचं कारपेट ओलं झालं म्हणजे हीटरच गळतोय असं नाही, एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी बाहेर टाकणारी रबरी नळी तुंबली तरी ते पाणी आतच पडतं. फरक बोटाला कळतो. एसीचं पाणी म्हणजे साधं पाणी, वाळलं की काही उरत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, जे हीटरमधूनही फिरतं, ते बुळबुळीत लागतं, त्याला रंग असतो आणि वासही. टिश्यू पेपर दाबला तर आमच्याकडे हिरवट डाग आला. शिवाय कूलंटच्या टाकीत लेव्हल दोन महिने हळूहळू उतरत होती आणि गाडीखाली थेंब कुठेच नव्हता, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

मेस्त्री म्हणाले, "कोकणात हीटर कोणाक व्हयो? दोनय नळये एकमेकांक जोडून टाकतंय, झाला काम."

त्यांनी तसं केलं. इंजिनातून हीटरकडे जाणारा आणि परत येणारा असे दोन होज असतात, ते हीटरवरून काढून एकमेकांना जोडले की कूलंट केबिनमध्ये येतच नाही. इंजिनाला आमच्या गाडीत त्याचा काही त्रास झाला नाही, घरी पोचायला आणि नड भागवायला हा उपाय चांगला आहे, मेस्त्रींनी प्रामाणिकपणे केला आणि पैसेही अगदी थोडे घेतले. पण मी उरलेला पावसाळा तसा काढला आणि तेव्हा मला कळलं की कोकणात हीटर लागतो, आणि चांगलाच लागतो.

आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या वर पाऊस, चार महिने हवा नुसती ओली. केबिनमध्ये दोन-तीन भिजलेली माणसं बसली की श्वासाची, कपड्यांची वाफ काचेवर बसणारच. एसी लावला की कूलिंग कॉइलवर त्या हवेतलं पाणी थंड होऊन गळून जातं, म्हणजे हवा कोरडी होते, इथपर्यंत बरोबर. पण ती हवा थंडगार असते. ती काचेवर मारत राहिलं की काच थंड पडते आणि मग बाहेरच्या बाजूने धुकं धरतं, वायपर मारा की परत धरलं. शिवाय आई कुडकुडायला लागते ती वेगळीच. हीटर चालू असला तर तीच कोरडी हवा पुढे जाऊन गरम कोअरमधून, म्हणजे गरम कूलंट फिरणाऱ्या हीटरच्या जाळीतून जाते, आणि गरम हवेची पाणी शोषून घ्यायची ताकद जास्त असते, म्हणून ती काचेवरचं सगळं ओढून घेते. म्हणून तर डॅशबोर्डमागच्या एकाच डब्यात आधी कूलिंग कॉइल आणि मागे हीटरचा कोअर असतो. घाटात पावसात एसी आणि हीटर दोन्ही एकत्र चालवायचे असतात. मी पंधरा वर्षं हे दोन वेगवेगळ्या ऋतूंचे स्विच समजत होतो.

आणि दुसरं म्हणजे एप्रिलात पेट्या भरून घाट चढताना गाडीचा तापमानाचा काटा वर जायला लागला, तर वडील खिडक्या उघडून हीटर फुल करायचे, ब्लोअर फुल. घामाने भिजायचो आम्ही, पण इंजिनाची थोडी उष्णता केबिनमार्गे बाहेर पडायची आणि काटा थांबायचा. होज एकमेकांना जोडून हीटर बायपास केल्यावर हा मार्गही बंद.

म्हणून गणपती झाल्यावर ठरवलं, कोअर बदलायचाच. चुलतभाऊ पूर्वी पुण्यात वर्कशॉपला होता, तो चार दिवस सुट्टी टाकून आला.

काही गाड्यांत एसीला हात न लावता कोअर बाहेर येतो. आमच्यात नाही. डॅशबोर्डच्या मागचा अख्खा डबा बाहेर काढावा लागतो आणि एसीचे दोन पाईप इंजिनाच्या बाजूने पत्र्यातून त्याच डब्यात गेलेत, म्हणजे गॅस काढल्याशिवाय सुटका नाही. एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले नट ढिला करा, सोडून द्या हवेत. ते मला नाही पटलं. आर-134ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या 1,400 पटीच्या आसपास भारी पडतो, आणि उणे 26 अंशाला उकळतो, म्हणजे जोरात सुटून हातावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. कणकवलीत एक एसीवाले आहेत त्यांच्याकडे गॅस परत ओढून घ्यायचं मशीन आहे, त्यांनी तो ओढून घेतला आणि पाईप सुटल्या सुटल्या सगळ्या तोंडांना प्लास्टिक आणि टेप लावायला सांगितली. कॉम्प्रेसरचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या हवेत तर ओलावाच ओलावा. उघडं ठेवलं तर आत पाणी, मग आम्ल, मग गंज. ड्रायर, म्हणजे एसीच्या गॅसमधला ओलावा टिपणारी डबी, तोही नवा घालायचा हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

पहिला दिवस नुसता खोलण्यात गेला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, इंजिन गार असताना कूलंट परातीत काढलं आणि लगेच झाकून ठेवलं. हे मुद्दाम सांगतोय, कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटून मरू शकतं आणि आमच्या पडवीत दोन मांजरी असतात. मग हीटरचे होज. पंधरा वर्षांचं रबर पाईपला चिकटून बसलेलं, ओढायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही, पाईपच वाकतो. भावाने ब्लेडने उभी चीर दिली आणि केळीचं सोप सोलावं तसं रबर सोलून काढलं. जुना कोअर टाकायचाच होता, पण हात तसाच सावध पाहिजे असं त्याचं म्हणणं, आणि त्याचं बरोबर आहे.

डॅशबोर्डला स्क्रू किती असावेत? मी मोजले नाहीत पण आईच्या इडलीपात्राच्या सगळ्या वाट्या भरल्या. एक वाटी ग्लव्हबॉक्सची, एक मीटरची, एक स्टिअरिंग कॉलमची, अशी. प्रत्येक वाटीखाली चिठ्ठी. वायरींचे कपलर सोडायच्या आधी प्रत्येकाचा फोटो. स्टिअरिंग कॉलम खाली सोडला, डॅशबोर्डमागचा आडवा बार सुटला आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी काळा डबा एकदाचा बाहेर आला.

उघडला तर आत सुरूच्या पानांचा गठ्ठा. गाडी वर्षानुवर्षं सुरूच्या झाडांखाली उभी, त्या सुया काचेखालच्या जाळीतून आत गेलेल्या, कूलिंग कॉइलवर मातीबरोबर थापून वाकळेसारख्या बसलेल्या. पाणी जायची नळीसुद्धा अर्धी त्यांनीच भरलेली. म्हणजे एसी गेली दोन वर्षं कमी का फेकत होता त्याचंही उत्तर मिळालं. आणि मागे तो कोअर, शाळेच्या वहीएवढा, एका कोपऱ्यात जोडावर पांढरी खरपुडी आणि तिच्याखालून हिरवा ओघळ. नखाने खरपुडी खरवडली तर खाली सुईच्या टोकाएवढं भोक. एवढ्याशा भोकाने घाटात मला आंधळं केलं होतं.

भोक का पडलं हेही माहिती आहे मला. आमच्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायची पद्धत, वडील घालायचे, मीही घातलं. समुद्रापासून दोन किलोमीटरवरची विहीर, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड अल्युमिनियमला असंच बारीक बारीक भोकं पाडत खातं, आणि कूलंटमधली गंज थांबवणारी रसायनं तर केव्हाच संपलेली असतात. म्हणून आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं, बाकी काही नाही.

नवा कोअर कोल्हापूरहून आणला. बसवायच्या आधी तपासला, हे मात्र कोणी टाळू नये कारण चार दिवसांची मेहनत एका खराब जोडावर वाया जाते. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला सायकलच्या पंपाची नळी, आणि कोअर घंगाळात बुडवून एक बार दाबापर्यंत हवा भरली. रेडिएटरच्या झाकणाचा दाबही साधारण तेवढाच असतो. पाच मिनिटं आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. एक बुडबुडा नाही.

जोडताना कोअरच्या चारी बाजूंनी नवा फोम चिकटवला, जुन्याचा हात लावताच भुगा झाला होता, आणि फोम नसला तर हवा कोअरमधून न जाता बाजूने निसटते. कॉइल हलक्या पाण्याने धुतली, जोर लावला की पाती दुमडतात. नळी साफ केली. काचेखालच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी लावली, सुया अडवायला. एसीच्या जोडांना नव्या रबरी ओ-रिंग, कॉम्प्रेसरचंच तेल लावून. होज नवे, क्लिप नव्या.

कूलंट भरताना गाडी आमच्या घाटीवर तोंड वर करून लावली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. डॅशबोर्डच्या मागे गुळगुळ आवाज येत होता, ती अडकलेली हवा. वीसेक मिनिटांनी आवाज बंद झाला आणि समोरून गरम हवा आली. भाऊ काहीच बोलला नाही, फक्त हात धरून बसला त्या हवेसमोर.

एसीवाल्यांनी पाऊण तास व्हॅक्यूम ओढला, मग बंद करून दाबाचा काटा हलतो का ते बघत थांबले, आणि मगच बॉनेटच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. अंदाजाने नाही.

परतीच्या पावसात आईला घेऊन परत निघालो. दाजीपूरजवळ ढग रस्त्यावर उतरलेले, जंगल दिसत नव्हतं, पण काच स्वच्छ होती, कडेपर्यंत. एसी चालू, हीटर अर्ध्यावर. आईने चप्पल काढून पाय खालच्या हवेकडे केले आणि म्हणाली, "ही ऊब बरी वाटता रे." डोळ्यांची तपासणी झाली, मोतीबिंदू अजून पिकायचा आहे म्हणाले.

कूलंटच्या टाकीवर त्या दिवशी मी काळ्या मार्करने रेघ मारून ठेवलीय. आज सकाळी इंजिन गार असताना बघितलं, कूलंट अजून रेघेवरच आहे.