१९६६ मस्टंग हार्डटॉप: सांगाडा ताठ करताना आधी काय, नंतर काय

गाडी १९६६ ची मस्टंग हार्डटॉप, २८९ व्ही८. गंजाचं काम संपलं, शॉक टॉवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे, पुढचं सस्पेंशन धरणारे उभे खांब) तपासून झाले, दोन्ही टॉर्क बॉक्स (पुढचा रेल दाराखालच्या कडेला बांधणाऱ्या पेट्या) बसले. सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे पुढचे आणि मागचे रेल जोडणारे पाइप, सध्या टॅकवर (तात्पुरत्या ठिपक्यांच्या वेल्डवर) आहेत. एक्सपोर्ट ब्रेस आणि मॉन्टे कार्लो बार, म्हणजे शॉक टॉवर बांधून ठेवणारे बोल्टचे दांडे, मुद्दाम फळीवर ठेवलेत. हा क्रम बहुतेक जण उलटा लावतात, कारण ब्रेस तासाभरात बोल्टने बसते आणि कनेक्टरला गाडीखाली दोन दिवस आडवं व्हावं लागतं. म्हणून यावेळी क्रमाबद्दलच सविस्तर.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पुढचे रेल (पत्र्याच्या पोकळ तुळया) फायरवॉलखालून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीखालून, मागे येतात आणि पुढच्या सीटखाली संपतात. मागचे रेल मागच्या सीटच्या पुढे, लीफ स्प्रिंगच्या पुढच्या डोळ्यापाशी सुरू होतात. मधल्या पट्ट्यात पातळ पत्र्याचा फ्लोअर, टनेल (मधला उंचवटा) आणि दोन्ही बाजूंचे रॉकर (दारांखालच्या पोकळ कडा), एवढंच. गाडी पिळते तेव्हा एका बाजूचा पुढचा रेल वर जातो, दुसऱ्या बाजूचा खाली. हा मधला पट्टा तेव्हा एखाद्या स्प्रिंगसारखा वागतो, आणि ती स्प्रिंग तुमच्या सस्पेंशनच्या स्प्रिंगशी एकसरीत जोडलेली असते. जाड अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) घालूनही गाडी तशीच का वळते, याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

आता कनेक्टर. जुनी लाकडी बाज डुलायला लागते तेव्हा तिचं लाकूड पूर्वीइतकंच जाड असतं. सैल झालेले असतात ते सांधे. कनेक्टरचंही तसंच. टोकं घट्ट धरलेली असतील तर पाइप वाकायला विरोध करतो. टोकं बिजागरीसारखी हलत असतील तर पाइप कितीही जाड घ्या, तो नुसता टोकांभोवती फिरतो. बोल्टच्या कनेक्टरची अडचण हीच: भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं असतं, रेलचा पत्रा बोल्टखाली दबतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर भोक लांबट होतं. बोल्टचे कनेक्टर घ्यायचेच असतील तर रेलच्या आत नळीचे स्पेसर वेल्ड करून घ्या, म्हणजे बोल्ट आवळताना रेल चेपणार नाही. आमचं मत मात्र स्पष्ट आहे: वेल्डचेच घ्या.

पाइपच्या मापात उंची महत्त्वाची, कारण वाकणं उभ्या दिशेत होतं. ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाइपचा क्षेत्रफळाचा दुसरा आघूर्ण (वाकण्याला विरोधाचं माप) सुमारे २०.८ सेमी⁴ येतो. ५० × २५ × ३ आडवा टाकला तर जेमतेम ४. उंची निम्मी, ताठपणा पाचवा हिस्सा. गाडी खाली घासू नये म्हणून चपटा पाइप घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. ५० × ५० × ३ चं वजन मीटरला सुमारे ४.४ किलो, तेव्हा वजनाची काळजी नको. जागा नसेल तर फ्लोअर कापून पाइप अर्धा आत घेता येतो. काम वाढतं, पण फ्लोअर दोन्ही कडांना सलग वेल्ड झाला की पाइप, फ्लोअर आणि रॉकर एकत्र काम करू लागतात. या गाडीत पाइप फ्लोअरखालूनच नेलाय, कारण फ्लोअर नुकताच बदललाय आणि तो पुन्हा कापायला मन होत नाही.

कनेक्टरआधी टॉर्क बॉक्स का? पुढचा रेल रॉकरला बांधणारी पेटी म्हणजे टॉर्क बॉक्स. छप्पर नसल्याची भरपाई म्हणून कन्व्हर्टिबलला ती दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच येत असे, आणि तेच भाग हार्डटॉपला बसतात. पेटी नसली तर कनेक्टरने आणलेलं बळ रेलच्या टोकापाशी पातळ पत्र्यावर पडतं आणि तिथला स्पॉट वेल्ड उखडतो. पेटीची खरी वेल्डिंग तीन ठिकाणी: रेल, रॉकर, टो-बोर्ड (पाय टेकतात तो तिरका पत्रा). टो-बोर्डची कड आळशीपणाने सोडली जाते. ती सोडली की पेटी एका बाजूने उघडी राहते, आणि उघडी पेटी पिळायला सोपी.

या सगळ्याच्याही आधी काउल. विंडशील्डखालच्या काउलमध्ये (हवा आत घेणाऱ्या पत्र्याच्या पेटीत) बादलीभर पाणी ओता आणि आत कार्पेट काढून बघा. पाणी टपकलं तर काउलचा खालचा पत्रा गंजलाय, आणि फ्लोअर आज ना उद्या जाणारच. बॅटरीखालचा एप्रन (इंजिनच्या बाजूचा पत्रा) आणि त्याखालचा रेलही टोकदार हातोडीने ठोकून बघा. गंजलेल्या रेलला नवा पाइप जोडला तर भेग पाइपच्या कडेलाच पडते.

वेल्डिंगच्या वेळी गाडी चारही चाकांवर, सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर उभी हवी. इंजिन आत, दारं बंद. रॉकरखाली जॅक लावून वेल्ड केलं तर गाडीचा बाक तसाच कायम होतो आणि दार नंतर कधीच नीट लागत नाही. कार्पेट आणि फ्लोअरला चिकटलेले डांबरी शीट आधी काढा, ते पेट घेतात. बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या वायरी काढा, फ्युएल लाइन आणि ब्रेक लाइन बाजूला घ्या. १९६६ च्या गाडीत पेट्रोलची टाकी हाच डिकीचा तळ असतो, म्हणून मागच्या रेलला हात लावण्यापूर्वी टाकी बाहेर. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि आत ठिणग्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस बसलेला.

मिग वायर ०.८ मिमी, गॅस ७५ टक्के अरगॉन आणि २५ टक्के सीओटू. आर्क जाड पाइपवर धरून तळं पातळ पत्र्याकडे ओढायचं. उलटं केलं की फ्लोअरला भोक. आधी प्रत्येक टोकाला चार टॅक, मग चारही कोपऱ्यांत दारांच्या फटी मोजा. नंतर २५ मिमीचे टाके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत. इथे एक चूक फार होते: कनेक्टरचं मागचं टोक लीफ स्प्रिंगच्या बोल्टसमोर येतं. पक्कं करण्यापूर्वी तो बोल्ट पूर्ण बाहेर काढून बघा. हँडब्रेकची केबल आणि एक्झॉस्टलाही १५ मिमी तरी मोकळी जागा ठेवा, नाहीतर इंजिन हललं की खडखडाट सुरू.

शॉक टॉवरला अपर कंट्रोल आर्मच्या (पुढचं चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) बोल्टभोवती केसासारख्या भेगा पडतात. रंग पूर्ण काढून डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) मारल्याशिवाय त्या दिसत नाहीत. भेगेच्या टोकाला ३ मिमी भोक पाडायचं, भेग व्ही आकारात घासून भरायची, वर गोल कोपऱ्यांची पट्टी.

एक्सपोर्ट ब्रेस टॉवर काउलला बांधते, मॉन्टे कार्लो बार दोन्ही बाजू एकमेकींना. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० वर हे दोन्ही होते. मधला पट्टा पिळतो त्यावर यांचा उपाय नाही. यांचं काम टॉवर जागेवर ठेवण्याचं. बारची भोकं जुळली नाहीत तर टॉवर वर्षानुवर्षांच्या भाराने आत झुकलेत असं समजा. लाकडी ठोकळा लावून बॉटल जॅकने थोडं फाकवता येतं, पण आधी कर्ण मोजा. गाडी कधी ठोकली गेली असेल तर जोर लावू नका. एअर क्लीनर आड येतो म्हणून वाकडा बार घेतात. दाबाखाली तो अजून वाकतो. जागा असेल तर सरळच घ्या.

फरक मोजायचा तर असा: मागचे रेल स्टँडवर पक्के, पुढे दोन्ही रेलवर आडवी तुळई, तिच्या मध्याखाली एकच टेकू, आणि सुरक्षेसाठी दोन्ही रेलखाली २० मिमी अंतर ठेवून जादा स्टँड. मध्यापासून १ मीटरवर ५० किलो टांगले की ४९० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. तिथेच डायल गेज लावा, १.७५ मिमी म्हणजे ०.१ अंश. मागच्या स्टँडवरही गेज हवं, आणि तिथल्या हालचालीचा कोन पुढच्यातून वजा करायचा. पहिला भार सांध्यातला सैलपणा काढण्यासाठी द्यायचा आणि तो आकडा सोडून द्यायचा.

पुढचं काम: कनेक्टर पक्के, खालच्या कडेला पाणी निघायला भोकं, आत कॅव्हिटी वॅक्स. मग इंजिनखालचा मूळचा बारीक आडवा बार काढून जाड, मग ब्रेस. कॅम्बर-कॅस्टर (पुढच्या चाकांचे कोन) सगळ्यात शेवटी, कारण बार आवळला की टॉवर हलतात आणि आधीचं अलाइनमेंट वाया जातं.