वारली चित्रांत राजकारण कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

वारली चित्रांविषयी मी कुठेही बोलले, की एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आस्थाच असते : इतकी साधी, आनंदी चित्रे आहेत तुमची, त्यांत बंदर, बुलेट ट्रेन आणि मोर्चे कशाला आणता? मी डहाणू तालुक्यातल्या वारली घरात वाढले आणि स्वतः चित्रे काढते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही चित्रे आमच्याकडे मुळात लग्नासाठी काढली जातात. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते, जी पीक देते आणि घरात लेकरे देते. तिच्या भोवती झाडे, जनावरे, ताडावर चढलेला माणूस, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावर फेर धरलेली माणसे असतात. चौकासमोर धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी आमची पुजारीण, गाणी म्हणते आणि तीच लग्न लावते. म्हणजे जंगल, शेत आणि नवे घर एकाच देवीच्या हवाली करण्याचा तो विधी असतो आणि त्याची सूत्रे बायकांच्या हाती असतात. चौकाकडे नुसती सजावट म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटते, याचे मला फार वाईट वाटते.

आता त्याच लग्नाची दुसरी बाजू पाहा. स्वातंत्र्यापूर्वी आमच्या भागातल्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या, आणि लग्नाच्या खर्चासाठी त्यांच्याकडून थोडेसे कर्ज काढले, की नवरा-बायको दोघेही ते कर्ज फेडण्यासाठी मालकाच्या घरी राबू लागत. ते कर्ज बहुधा फिटतच नसे. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. ज्या भिंतीवर पालघट बसवली त्या भिंतीआडचा संसार पहिल्या दिवसापासून गहाण पडलेला असे. मालकाच्या घरी बाईच्या अब्रूलाही संरक्षण नसे. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभा या शेतकऱ्यांच्या संघटनेने वेठ, म्हणजे बिनमजुरीचे सक्तीचे काम, आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध लढा उभारला. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. वेठ आणि लग्नगडी बंद झाले ते या लढ्यामुळे, कोणाच्या कृपेने नव्हे. म्हणून लग्नाचा चौक आणि जमिनीचा लढा यांना वेगळे कसे करायचे, हे मला खरोखर कळत नाही. कर्जावाचून, मालकाच्या परवानगीवाचून लग्न लावता यावे, हीच तर त्या लढ्यातली एक मागणी होती.

चित्रे भिंतीवरून कागदावर आली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी, चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर शेत, जाळी, मुंग्यांची वारुळे असे सारे जग उभे केले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी : चित्र विकाऊ झाले तेव्हा नाव आणि पैसा प्रामुख्याने पुरुषांकडे गेला, आणि ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हा प्रश्नही राजकारणाचाच आहे, आमच्या घरातला असला तरी.

राहिली बंदराची गोष्ट. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमार बांधव आणि आम्ही आदिवासी अनेक वर्षे विरोध करीत आलो आहोत. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने अधिकार दिले. पण पाड्यावर ते अधिकार कागदापलीकडे क्वचितच पोचतात. मग माझ्या चित्रातल्या ताडाशेजारी जेसीबी आला, तर तो मी कल्पनेने आणलेला नसतो. आमचे पूर्वज जे डोळ्यांसमोर असे तेच लिहीत. मीही तेच करते.

यावर काहीजण विचारतात, की मग नुसता तारपा काढलेला चालणार नाही का? चालेल की! सुगीनंतरचा फेर मीही आनंदाने काढते. फक्त वारली चित्र विकत घेताना ते कोणत्या पाड्यावरच्या, कोणत्या बाईने किंवा पुरुषाने काढले, हे विचारत जा. आमच्या चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव आमच्या भागातल्या चित्रांचेच अशी कायदेशीर नोंद, मिळाले आहे, तरी कारखान्यात छापलेले पडदे आणि कप त्याच नावाने सर्रास विकले जातात आणि त्यांचा एक पैसाही डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर येत नाही.