१८७९ च्या आधीची मेरी महोनी

मेरी एलायझा महोनी, अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका, १८७९. नर्सिंगच्या अभ्यासात तिच्या वाट्याला आली तर एवढी एक ओळ येते. आज सुट्टी होती म्हणून तिच्याबद्दल निवांत वाचत बसले, आणि मन १८७९ च्या आधीच अडकलं.

प्रमाणपत्र मिळण्याआधी सुमारे १५ वर्षं ती त्याच रुग्णालयात राबत होती. बॉस्टनचं ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन’, स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं. तिथे ती स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, साफसफाई करायची आणि लागेल तेव्हा नर्सच्या हाताखाली उभी राहायची. म्हणजे आमच्या वॉर्डातल्या मावशींची सगळी कामं. मी नवीन असताना पेशंटला त्रास न देता खालची चादर कशी बदलायची, हे मला एका मावशींनीच दाखवलं होतं. त्यामुळे मेरीची ती वर्षं नर्स होण्याआधीची होती, असं मला म्हणवत नाही.

आईवडील नॉर्थ कॅरोलायनातले, गुलामगिरीतून सुटलेले. मुलीला १८७८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम १६ महिन्यांचा, पहाटे साडेपाचपासून रात्री साडेनऊपर्यंत. बरोबरीच्या बहुतेकजणी गळाल्या, शेवटी उरल्या चौघीच.

पुढचं बहुतेक आयुष्य तिने श्रीमंत गोऱ्या कुटुंबांत खाजगी नर्स म्हणून काढलं, कारण कृष्णवर्णीय नर्सला रुग्णालयात नोकरी मिळणं फार अवघड होतं. त्या घरांत नर्सला मोलकरणीचीही कामं सांगत. मेरी मात्र घरच्या नोकरांबरोबर जेवायला बसायची नाही, स्वयंपाकघरात एकटी जेवायची. यात नोकरांचा तिरस्कार नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन. तेच काम करून तिचे हात झिजले होते. आपण इथे कशासाठी आलो आहोत, हे तिला रोज दाखवून द्यावं लागत होतं. मीही खाजगी नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोतर्फे घरी पेशंट सांभाळायला जायचे तेव्हा एका घरात माझा चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा. रात्र रात्र ज्यांच्या आजींचा हात धरून बसायचे, त्यांच्याच घरात. त्या वेळी मी काहीच बोलले नाही, आणि आजही ते मनातून जात नाही.

१९०८ मध्ये कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली, कारण तेव्हाच्या मोठ्या संघटनेत त्यांना सहजी शिरकाव नव्हता. १९०९ चं पहिलं अधिवेशन बॉस्टनला भरलं आणि स्वागताचं भाषण मेरीने केलं. १९२० मध्ये अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाल्यावर बॉस्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांतही ती होती. तेव्हा तिने पंचाहत्तरी गाठली होती. १९२६ मध्ये ती गेली. १९३६ पासून तिच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

१२ मेला परिचारिका दिनाला आमच्याकडे नाइटिंगेलबाईंच्या फोटोपुढे दिवा लागतो. यंदा विद्यार्थिनींशी बोलायची पाळी माझी आहे. मेरीबद्दलच बोलेन, आणि सुरुवात त्या १५ वर्षांपासून करेन. मावशींनाही पुढच्या रांगेत बसायला सांगणार आहे.