चार फुटी टाकी आणि तीन फुटी मासा

मोठे मासे घरी पाळताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे: दुकानात हे मासे मोठे नसतात. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत रेडटेल कॅटफिशचे पिल्लू दोन-तीन इंचांचे असते. काळी पाठ, पोटाकडचा पांढरा पट्टा आणि लालसर शेपटी यांमुळे ते इतके देखणे दिसते की हात आपोआप खिशाकडे जातो. हाच मासा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात एक मीटरहून अधिक लांब होतो आणि घरातल्या टाकीतही, खाणे नीट मिळाले तर, पहिल्याच वर्षात फुटाच्या पुढे जातो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगेशियस शार्कच्या कुळातला मुळीच नाही. आपल्याकडच्या धरणांतील पिंजऱ्यांत तो खाण्यासाठी वाढवतात आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येणारा मासा बहुधा तोच असतो. पूर्ण वाढीनंतर तोही मीटरभराच्या पुढे जाऊ शकतो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांच्या आसपास पोहोचतो, तर अलिगेटर गार सहा फूटही ओलांडतो.

अशा वेळी हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’. हे उत्तर चुकीचे आहे आणि माझ्या मते या छंदातील सर्वांत घातक समजूत हीच आहे. लहान टाकीत वाढ खुंटलेली दिसते, हे खरे. पण ती माशाने जागेशी केलेली तडजोड नसते. साचलेली घाण, अपुरा प्राणवायू आणि पोहायला नसलेली जागा यांमुळे त्याची प्रकृती ढासळलेली असते. अशा माशांचा कणा वाकतो, कल्ल्यांची झाकणे मुडपतात आणि दहा-बारा वर्षे सहज जगू शकणारा, फूटभर वाढणारा ऑस्कर मासा दोन-तीन वर्षांतच जातो. तो लहान राहिला म्हणून मालक समाधानी असतो आणि तो गेला की ‘आयुष्यच तेवढे होते’ असे म्हणतो, याचे मला फार वाईट वाटते.

वाढीचा हिशेब लांबीवर करणे हीही एक फसगत आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, म्हणजे तीन इंचांचा ऑस्कर बारा इंचांचा होतो तेव्हा त्याचे वजन जवळजवळ चौसष्टपट झालेले असते. त्याचे खाणे आणि त्याची विष्ठा अगदी त्याच प्रमाणात वाढत नसली, तरी ती चौपटीवर थांबत नाही. माशाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे फिल्टरमधील जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय टाकीतून फारसे जात नाही. उन्हाळ्यात पाणी तापते तेव्हा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी अमोनियाची विषारी मात्रा वाढते. म्हणून मार्चपर्यंत ठणठणीत दिसणारा मोठा मासा एप्रिल-मे महिन्यांत अचानक पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो.

टाकी किती लिटरची आहे याइतकेच महत्त्व तिच्या रुंदीला आहे, आणि तिकडे फार कमी लोक पाहतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी नेहमीची टाकी सुमारे 255 लिटरची होते. दीड फुटांहून लांब झालेला अरोवाना तिच्यात वळताना प्रत्येक वेळी शरीर वाकवून, काचेला घासून वळतो. पंगेशियस तर थव्याने राहणारा आणि बुजरा मासा आहे, त्यामुळे दिवा लागला तरी तो उसळतो आणि त्याचे नाक काचेवर आपटून कायमचे जखमी होते.

‘पुढे मोठी टाकी घेऊ’ हे वाक्य मनापासूनच बोलले जाते, पण त्यापुढचे गणित कोणी मांडत नाही. माझ्या घरी ऑस्करची जोडी सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत आहे आणि त्याहून मोठा होणारा मासा या घरात आणायचा नाही, असे मी ठरवले आहे. या टाकीत 680 लिटर, म्हणजेच 680 किलो पाणी मावते. बारा मिलिमीटर जाडीची काच सुमारे 120 किलोची होते आणि स्टँड व वाळू वेगळी. हा सगळा भार सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येतो. राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानकांत साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर इतका वापरभार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरलेला असतो. हा वापरभार सबंध खोलीचा म्हणून धरतात, त्यामुळे तुळईजवळ, भिंतीलगत ठेवलेली अशी टाकी बहुधा निभावून जाते. तरीही मी ती ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवली होती आणि सर्वांना तोच आग्रह करतो. रेडटेलसाठी दहा बाय चार बाय तीन फुटांची टाकी करायची म्हटली, तरी नुसते पाणीच 3,400 किलो होते. इमारतीच्या वरच्या मजल्यावर असे काही करू नये, आणि एवढे करूनही त्या माशाला ती टाकी अपुरीच पडते. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचे तर माझ्या टाकीला सव्वादोनशे लिटर लागते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायटीत एवढे पाणी माशांसाठी वापरणे मलाही जड जाते. याहून मोठ्या टाकीचा विचार तिथेच संपतो.

मासा टाकीत मावेनासा झाला की अनेकांना तो तळ्यात किंवा नदीत सोडणे हे पुण्याचे काम वाटते. त्यांच्या मनात दया असते हे मी जाणतो, पण परिणाम क्रूर असतो. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात अलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला मासा तिथे आपोआप येणे शक्य नव्हते. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून उजनीच्या जलाशयापर्यंत पसरला आहे. तो काठात बिळे करतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांच्या वाट्याला विकता न येणारा माल येतो. मासा परत घ्यायला दुकानदार क्वचितच तयार होतो आणि सार्वजनिक मत्स्यालयांवर विसंबता येत नाही. त्यामुळे ओळखीच्या कोणाच्या बंदिस्त शेततळ्याचा शोध घेणे हा मला सर्वांत बरा मार्ग वाटतो. मात्र त्या तळ्याला अस्तर असावे, ते ओढ्याला जोडलेले नसावे, पावसाळ्यात ओसंडून वाहण्याच्या जागी बारीक जाळी असावी आणि वरून बगळ्यांसाठीही जाळी असावी. हे मासे उष्ण प्रदेशातले असल्याने देशावरच्या कडाक्याच्या थंडीत उथळ तळे त्यांना मानवत नाही, त्या मानाने कोकणातली हवा सोयीची आहे. आशियाई अरोवाना किंवा अरापाइमा हा अ‍ॅमेझॉनचा महाकाय मासा कोणाकडे असेल, तर वन्यजीव कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी आवश्यक आहे आणि असा मासा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही.

मोठ्या माशाची ओढ मी समजू शकतो, कारण मालकाला ओळखून काचेशी येणारा ऑस्कर मी रोज पाहतो. पण तो जिव्हाळा हवा असेल तर तीन फुटी मासाच लागतो असे नाही. सात-आठ इंचांवर थांबणारी सेव्हरम माशांची जोडी चार फुटी टाकीत चांगला फिल्टर आणि नियमित पाणीबदल यांवर वर्षानुवर्षे नीट राहते, हातातून खाते आणि ओळखही ठेवते. त्याच मापाच्या टाकीत जिओफॅगसच्या लहान जातींचे चार-पाच मासे ठेवले, तर ते दिवसभर वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडत बसतात. त्यांच्यासाठी फक्त बारीक, धार नसलेली वाळू लागते.