मशीन आहे, मग तुम्ही कशाला?

लग्नात, लोकलमध्ये, अगदी सख्ख्या भावानेही विचारून झालंय: "लघवीतलं ड्रग मशीनच शोधतं ना, मग तू काय करतेस?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

आमच्या लॅबमध्ये ऑटोमेशन आणा म्हणून मीच मागे लागले होते. रात्री तीनला हाताने पिपेट करताना नळ्यांची अदलाबदल होते. बारकोड वाचणारं मशीन ती करत नाही. हे आजही ठणकावून सांगेन. ओपिएटचा, म्हणजे अफूपासूनच्या मॉर्फिन-कोडीनसारख्या द्रव्यांचा, कट-ऑफ (ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरायचं ती मर्यादा) मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, बरोबर असले की रिपोर्ट आपोआप सुटायचा, पॉझिटिव्हसुद्धा. तो नियम मीच घातला.

दिवाळीनंतर नोकरीच्या मेडिकलला आलेल्या एका मुलाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट रात्रीतून असाच सुटला. सकाळी तो काउंटरवर उभा. "मॅडम, मी सुपारीसुद्धा खात नाही." मी त्याला कट-ऑफ समजावत बसले. मशीन चुकत नाही, असंही म्हणाले. ते आठवलं की अजून काळजात चर्र होतं. मग कधीतरी विचारलं, दोन दिवसांत काय खाल्लंस?

"अनारसे. आजीने पाठवले होते, डबाभर."

खसखस! अफूच्या बोंडातलंच बी, वर चिकटलेलं मॉर्फिन लघवीत उतरतं. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीत याचसाठी 1998 साली कट-ऑफ 300 वरून 2000 केला, हेही मला पाठ होतं. नियम लिहिताना आठवलं नाही.

उरलेला नमुना फ्रिजमध्ये होता, तो जीसी-एमएसला, म्हणजे नेमकं कोणतं द्रव्य आहे ते ओळखणाऱ्या चाचणीला, पाठवला. मॉर्फिन निघालं, थोडं कोडीन. हेरॉइनची खूण असलेलं सिक्स-मॅम नव्हतं. पण ते काही तासांतच लघवीतून जातं, त्यामुळे 'हा मुलगा निर्दोष' असं लिहिता येईना. 'खसखशीमुळे असू शकतं' एवढंच लिहिलं. तोवर ती जागा भरली होती.

मग आम्हीही 2000 करायचं? आमच्याकडे व्यसनमुक्ती केंद्राचेही नमुने येतात. तिथे पुन्हा सुरू झालेलं थोडंसं सेवन निसटलं, तर तो माणूस हातचा जाईल.

आता पॉझिटिव्ह रिपोर्ट माझ्यापाशी अडतो. मी फोन करून विचारते: टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे? खोकल्याचं औषध? खसखस? रिपोर्टला उशीर होतो, बोलणी खाते. नियम लिहिणारी तेव्हाची मी म्हणाली असती, माणूस मध्ये आला की पक्षपात आला. तिला खोडून काढणं मला जमलेलं नाही. गेल्या महिन्यात एकाने अनारसेच सांगितले. मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. जीसी-एमएसमध्ये सिक्स-मॅम निघालं.