तुम्ही विचारलंत म्हणून: कर्नालीच्या वाटेवर काय न्यायचं

नेपाळच्या कर्नाली भागातल्या डोंगरी ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) पायी भेट द्यायला निघालोय, बरोबर काय-काय घ्यायचं? हा प्रश्न तरुण संघांकडून नेहमी येतो. पाठोपाठ त्यांची यादीही येते: दहा जण, मे महिना, दोन बॅगा धर्मप्रचाराची पत्रकं, एक बॅग औषधं, मुलांसाठी चॉकलेटं. यातलं जवळजवळ सगळंच घरी ठेवायचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

पत्रकं. नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे तसा नुसता प्रयत्न केला तरी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात, आणि या बाबतीत भारतीयही परदेशीच. पण खरी झळ वेगळ्यालाच बसते. तुम्ही पत्रक वाटून पुढच्या गावाला निघून जाता. पोलीस चौकीत बोलावणं येतं ते मागे राहिलेल्या पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला. विश्वासणाऱ्यांनी जमून उपासना करायला बंदी नाही. तेव्हा मंडळीनं बोलावलं असेल तरच जावं, त्यांच्यात बसावं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी. वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसांना काहीही देऊ नये. पोरांना दिलेल्या वह्या-चॉकलेटांनाही आमिष म्हणता येतं. फोटो फेसबुकवर टाकायचेच असतील तर घरी परतल्यावर, आणि गावाचं नाव व चेहरे वगळून.

औषधांच्या बॅगेचंही तेच. परदेशी डॉक्टरला तिथे नेपाळ मेडिकल काउन्सिलच्या परवानगीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. डॉक्टर नसलेल्यांनी गोळ्या वाटणं तर दूरच. रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन सोळाव्या दिवशी त्या बाईनं काय करायचं? औषधं न्या ती स्वतःपुरती.

आता मे महिना. मे-जूनमध्ये वरच्या कुरणांवर यार्सागुम्बा सापडतो. अळीवर उगवणारी ही बुरशी म्हणजे इथल्या अनेक घरांची वर्षाची रोख कमाई, त्यामुळे घरंच्या घरं तंबू घेऊन वर जातात. गावात उरतात म्हातारे आणि कुत्री. त्यानंतर पावसाळा: दरडी, जळवा, बंद रस्ते. दसैं-तिहार (तिथले दसरा-दिवाळी) उरकल्यावरचा नोव्हेंबर किंवा मग एप्रिल, एवढेच दिवस सोयीचे. तारीख मात्र तिथल्या पाळकानंच ठरवावी. नेपाळात सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्यांची मुख्य उपासनाही शनिवारीच. रविवार धरून आखणी केलेले गट उपासना होऊन गेल्यावर पोचतात आणि मग त्यांच्यासाठी शेतावरून माणसं गोळा करावी लागतात.

दहा जण फार होतात. कर्नालीत धान्य वर्षभर पुरत नाही अशी घरं पुष्कळ. दहा पाहुणे दोन रात्री राहिले की त्या घराचा कणगा दिसण्याइतका खाली जातो, आणि यजमान तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. पाच-सहा जण पुरे. तांदूळ, डाळ, तेल, मीठ जुम्ला जिल्ह्याच्या खलंगा बाजारातून विकत घ्या, माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा, आणि पहिल्याच संध्याकाळी चुलीपाशी नेऊन द्या. निघताना दिलं तर ते बक्षिसासारखं दिसतं.

भारतातून जाताना रुपैडिहाची सीमा ओलांडून नेपाळगंज, तिथून सुर्खेत, आणि पुढे जुम्ल्यापर्यंत २३२ किलोमीटरचा कर्नाली महामार्ग. नाव महामार्ग असलं तरी एक अख्खा दिवस त्यात जातो, पावसानंतर जास्तच. हुम्ला जिल्ह्यातल्या सिमकोटला विमानानं जाणाऱ्यांची अडचण निराळी. नेपाळगंज समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर, सिमकोट तीन हजारांच्या जवळ, आणि हे अंतर विमान तासाभरात काटतं. शरीराला तेवढ्यात सवय होत नाही. पोचल्यावर दोन रात्री तिथेच काढा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची तर डॉक्टरला विचारून, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असली तर तिथेच थांबायचं. चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. 'प्रार्थना करू, सकाळी बघू' हे वाक्य अशा वेळी जिवावर बेतू शकतं. प्रार्थना उतरता-उतरताही होते.

पाठीवर सात-आठ किलोंपेक्षा जास्त नको. बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, म्हणून नखं कापून, उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळायची. टाच चुरचुरली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग निम्माच. समोरून खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझ्याचा नुसता धक्काही पुरतो. पाणी उकळलेलं प्या, दोन हजार मीटरच्या वर खळखळून तीन मिनिटं. क्लोरीनची गोळी गार पाण्यात अर्ध्या तासात काम करत नाही, तिला दुप्पट वेळ द्या.

घरं सपाट धाब्याची, वर जायला खाचा पाडलेलं एकच लाकूड. त्यावर पाऊल आडवं टाकायचं, आणि रात्री टॉर्च हातात नाही, कपाळावर.

भाषेचा घोळ मात्र हमखास होतो. उत्तराखंड-हिमाचलात मजुरीला जाऊन आलेल्या पुरुषांना हिंदी येतं, ते माना डोलावतात, आणि वक्त्याला वाटतं सगळ्यांना कळतंय. मागे बसलेल्या बायकांना त्यातलं फारसं कळत नाही, आणि बऱ्याच मंडळ्यांत संख्येनं त्याच जास्त. नेपाळी दुभाषा हवाच. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, आणि दहा मिनिटांचं बोलणं वीस मिनिटं घेणार हे धरून चाला. साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, 'आमच्या शहरात' हे शब्द टाळा. त्यापेक्षा त्यांना बोलू द्या. पोचल्यावर 'जयमसीह' म्हणून हात जोडले की पुरे. ओळखीची लांबण लावायची गरज नाही.

सिमकोटहून परतायला विमान सकाळीच मिळतं, कारण दुपारनंतर दऱ्यांमधून वारा सुटतो. ढग उतरले तर दोन-तीन दिवस एकही विमान येत नाही. लखनौहून परतीची गाडी ठरवताना मध्ये निदान तीन दिवस रिकामे सोडा, आणि तेवढ्या दिवसांच्या राहण्या-जेवणाचे पैसे नेपाळी नोटांमध्ये वेगळे बांधून ठेवा.