खिडकी माझी, सेशन तिकडचं

दूरच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, शिरून डेटाबेसचं रिस्टोअर लावलं होतं. चार तासांनी वायफायने दगा दिला. परत लॉगिन करून बघतो तर रिस्टोअर अर्ध्यातच मेलेलं. कनेक्शन गेलं की शेलला, म्हणजे आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, 'हँगअप' सिग्नल जातो, आणि शेल जाताना सहसा पोराबाळांनाही, म्हणजे आपण लावलेल्या कामांनाही, सोबत नेतं. कामाला तो सिग्नल दुर्लक्षायला लावणारी 'नोहप' कमांड ठाऊक होती, पण तिने काम फक्त जगतं. नंतर मध्येच काही विचारलं तर उत्तर द्यायला आपण तिथे नसतो.

मग टीमक्स धरलं. कनेक्शन तुटलं तरी आपलं सेशन, म्हणजे उघडलेलं शेल आणि त्यातली कामं, जिवंत ठेवणारा हा प्रोग्रॅम. १९८७ पासून असलेलं जीएनयू स्क्रीनही हेच करतं, माझ्या हाताला टीमक्स बसलं एवढंच. टीमक्सचा सर्व्हर त्या दूरच्या मशीनवर चालतो आणि शेल त्याच्या पोटात असतं. माझ्यासमोर असतो तो नुसता क्लायंट. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की डिटॅच, म्हणजे क्लायंट सुटतो आणि सेशन तिकडे चालूच राहतं. दुसऱ्या दिवशी अटॅच केलं की कर्सर सोडला तिथेच. सेशनला नाव मात्र द्याच. ०, १, २ मधलं कुठलं कशाचं हे मला एकदाही आठवलेलं नाही.

एका मशीनवर लॉगआउट केलं की सेशनच गायब व्हायचं. अर्धा दिवस टीमक्सला शिव्या घातल्या. निघालं सिस्टिमडी, लिनक्समध्ये सेवा आणि लॉगिन सांभाळणारी यंत्रणा: तिचं 'किलयूजरप्रोसेसेस' हे सेटिंग चालू असलं की लॉगआउटबरोबर ते युजरची मागे उरलेली कामंही मारतं. युजरसाठी 'लिंगर' (लॉगआउटनंतरही त्याची कामं राहू देणारी सोय) चालू केलं, टीमक्स सिस्टिमडी-रन कमांडने वेगळ्या यूजर-स्कोपमध्ये, म्हणजे लॉगिनपासून वेगळ्या गटात, सुरू केलं, तेव्हा टिकलं.

पुढे एका सहकाऱ्याला तेच सेशन दाखवायचं होतं. तो त्याच अकाउंटवरून अटॅच झाला आणि माझी खिडकी आक्रसली, कडेला नुसते ठिपके. जुन्या आवृत्त्या सगळ्यात लहान स्क्रीनचं माप धरतात. त्यात दोघांनी एकदम टाइप केलं आणि कमांडची खिचडी झाली. 'एंटर' दाबलं नव्हतं हे नशीब.

त्याला 'रीड-ओन्ली', म्हणजे नुसतं बघण्यापुरतं, अटॅच व्हायला सांगितलं. तो म्हणाला, "मी परत साधा अटॅच झालो तर?" बरोबरच होतं. अकाउंट एकच, अडवणार कोण? आणि वेगळ्या युजरला टीमक्सचं सॉकेट (क्लायंट सर्व्हरला जोडतो ते दार) उघडून देऊन टाइप करू दिलं, तर माझ्या नावाने चालणारं शेलच त्याच्या हातात. शेवटी अशा बैठकांसाठी सुडो, म्हणजे अॅडमिनचे अधिकार, नसलेलं वेगळं अकाउंट केलं. आता दोघंही तिथेच भेटतो, टाइप एकानेच करायचं ठरवून.